अर्जातला पत्ता

ताई,

आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतो, इथे येऊन एकोणीस वर्षं झाली. माझं माहेर साताऱ्याचं. वडील हेड कॉन्स्टेबल होते आणि माझं लहानपण पोलीस लाईनीतल्या दोन खोल्यांत गेलं. गणपतीत सगळ्यांचे वडील आरतीला असायचे, आमचे बंदोबस्ताला. आता माझी मुलगी, वय बावीस, नुकतीच ग्रॅज्युएट झालेली, म्हणते मला पोलिसांत जायचंय. इथल्याच एका शहराच्या खात्यात अर्ज केलाय. लेखी झाली, पळण्याची झाली, मुलाखतही झाली. माझी झोप उडालीय.

न्यू जर्सीतला माझा भाचा म्हणतो, हल्ली एक तक्रार आली तरी स्टेट पोलिसाचं सर्टिफिकेट काढून घेतं, नाव वेबसाइटवर टाकतं आणि मग जन्मभर कुठेही पोलिसाची नोकरी मिळत नाही. खरं आहे का हे? दुसरं, तिला ग्रीनकार्ड आहे, सिटिझनशिप नाही. चालतं का?

आणि खरं दुखणं तिसरंच आहे. तिला एक भलामोठा फॉर्म भरायला दिलाय. त्यात आजवर कुठेकुठे राहिलात ते सगळे पत्ते मागितलेत. ती नववी-दहावीत असताना आम्ही माझ्या दिरांचा पत्ता देऊन तिला त्यांच्या भागातल्या चांगल्या शाळेत घातलं होतं. राहायला ती आमच्याकडेच होती. हे म्हणतात, त्या दोन वर्षांसाठी दिरांचाच पत्ता टाक, म्हणजे शाळेशी जुळेल, आणि मी दादाला फोन करून सांगून ठेवतो. आमच्या दोघांचे सिटिझनशिपचे अर्ज भरायचेत, म्हणून ते जास्तच धास्तावलेत. मुलगी म्हणते, मी खरं तेच लिहिणार. आठ दिवस बापलेकीत अबोला आहे. कोण बरोबर?

— एक आई

* * *

अहो, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो चार ओळींत संपतो. ग्रीनकार्डवर चालतं. पूर्वी कॅलिफोर्नियात पोलीस व्हायला नागरिक असावं लागायचं, निदान नागरिकत्वाचा अर्ज तरी केलेला लागायचा. १ जानेवारी २०२३ पासून ती अट गेली. फेडरल कायद्याने इथे काम करायची परवानगी असली की राज्याच्या कायद्याला पुरते. वयाची अट मात्र अठरावरून एकवीस झालीय आणि तुमची लेक बावीसची आहे. तो विषय मिटला.

आता भाच्याचं म्हणणं. ते अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दडलंय, म्हणून इथे जरा थांबू या.

कॅलिफोर्नियात पोलिसांची भरती शहराचं किंवा काउंटीचं खातं करतं. पगार तेच देतं, काढायचं झालं तर काढतंही तेच. पण पोलीस व्हायला काय लागतं, किती शिकलेलं असावं, कसली तपासणी व्हावी हे ठरवतो राज्याचा एक आयोग. त्याचं लांबलचक नाव कोणी घेत नाही. सगळे ‘पोस्ट’ म्हणतात. आपल्या पोस्टाशी त्याचा काही संबंध नाही, पण तुमच्या सासूबाईंना सांगाल तेव्हा घोटाळा होणार हे नक्की. हा आयोग १९५९ सालचा. अकॅडमीचं शिक्षण कमीत कमी ६६४ तासांचं हवं हा नियम त्याचाच, आणि बहुतेक अकॅडम्या त्याहून बरंच जास्त शिकवतात. पुढे अनुभवी अधिकाऱ्याच्या हाताखाली निदान दहा आठवडे रस्त्यावरचं शिक्षण, मग प्रोबेशन, मग बेसिक सर्टिफिकेट. त्यानंतरही दर दोन वर्षांनी चोवीस तासांचं शिक्षण चालूच.

गंमत पुढे आहे. हे सर्टिफिकेट देणाऱ्या आयोगाला ते काढून घ्यायचा अधिकार बरीच वर्षं जवळजवळ नव्हताच. २००३ मध्ये विधिमंडळानेच तो काढून टाकला होता. या राज्यात केस कापायला लायसन्स लागतं आणि वाईट वागलात तर ते जातंही. बंदूकवाल्याला मात्र ती भीती नव्हती. एका शहराने काढलं, किंवा काढतील असं दिसल्यावर स्वतःच राजीनामा दिला, की माणूस तीस मैलांवरच्या दुसऱ्या शहरात अर्ज करायचा. नवीन खात्याने नीट चौकशी केली तर केली. तुमच्या वडिलांच्या वेळी बदली झाली की प्रकरण थंड व्हायचं ना, तशातलाच प्रकार. फरक इतकाच की इथे बदलीची ऑर्डर माणूस आपली आपणच काढायचा.

मग २०२१ मध्ये कायदा बदलला. त्याला केनेथ रॉस ज्युनियर या तरुणाचं नाव दिलंय. एप्रिल २०१८ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या गार्डीना शहरात, रोली पार्कमध्ये, पोलिसाच्या गोळीने तो गेला. वय पंचवीस. ज्या अधिकाऱ्याने गोळी झाडली तो आधी दुसऱ्या शहराच्या खात्यात होता आणि तिथेही त्याच्या हातून गोळीबार झालेले होते. रॉसची आई फौझिया अल्मारू त्यानंतर या कायद्यासाठी झटली. सप्टेंबर २०२१ च्या शेवटच्या दिवशी गव्हर्नर न्यूसम यांनी सही केली ती त्याच पार्कात. तोवर अशी सोय नसलेली राज्यं देशात चारच उरली होती. त्यात भाच्याचं न्यू जर्सीही होतं, बरं का. तिथे २०२२ मध्ये कायदा झाला. म्हणूनच हा विषय त्याच्या कानावर ताजा असणार.

आता ‘एक तक्रार आली की गेलं’ हे कितपत खरं? तक्रार कोणीही करू शकतं, थेट पोस्टकडेही. गंभीर आरोप आला की खात्याने दहा दिवसांत पोस्टला कळवायचं असतं. पण कायद्याने गंभीर गैरवर्तनाचे प्रकार ठरवून दिलेत. खोटेपणा, अधिकाराचा गैरवापर, मारहाण आणि वाजवीपेक्षा जास्त बळाचा वापर, लैंगिक अत्याचार, वंश-धर्म-लिंग यावरून दुजाभाव, पोलिसांतल्या पोलिसांत टोळी करून राहणं, दुसऱ्या पोलिसाच्या चौकशीत सहकार्य न करणं, सहकारी उघडउघड अति करत असताना मध्ये न पडणं, शिवाय कायदा मोडणारी तितकीच भयंकर इतर कृत्यं. रहदारीची पावती फाडताना आवाज चढला, कोणी चिडून तक्रार केली, एवढ्याने सर्टिफिकेट जात नाही.

आणि जायचं तरी वाट लांबची आहे. आधी पोस्टचा चौकशी विभाग तपास करतो. सर्टिफिकेट काढायला हवं असं त्याला वाटलं तर अधिकाऱ्याला नोटीस जाते, आणि दाद मागायला तीस दिवस मिळतात. मग प्रकरण नऊ जणांच्या सल्लागार मंडळापुढे उघड सुनावणीला येतं. त्या नवांत पोलीस किंवा माजी पोलीस फक्त दोन. बाकीच्यांत पोलिसांवर देखरेखीचा अनुभव असलेला एक वकील, सामाजिक संस्थांतले लोक आणि ज्यांनी स्वतः पोलिसांचा अन्याय सोसला किंवा ज्यांचं माणूस त्यात गेलं अशांना प्राधान्य देऊन भरलेल्या दोन जागा. या मंडळाने शिफारस केली की आयोगात दोन तृतीयांश मतं लागतात. ती पडली तरी पुढे न्यायाधीशासमोर सुनावणी असतेच. एवढं सगळं होऊन सर्टिफिकेट गेलं तर मात्र भाचा म्हणतो तसं होतं. नाव पोस्टच्या यादीत जाहीर होतं, देशभरच्या खात्यांना बघता येईल अशा सूचीतही जातं, आणि या राज्यात पोलीस म्हणून पुन्हा उभं राहता येत नाही. अटक झाली, किंवा चौकशी चालू असताना नोकरी सोडली, तर निकालाआधीच सर्टिफिकेट तात्पुरतं स्थगित करता येतं. राजीनामा देऊन चौकशीतून सुटका होत नाही, ती पुरी करावीच लागते. मला विचाराल तर सगळ्या कायद्यात मोलाचं कलम हेच.

तुम्ही साताऱ्याच्या पोलीस लाईनीत वाढलात म्हणून एक सांगते. आपल्याकडे भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणी असते, पण पोलिसाकडे असं वेगळं लायसन्स नसतं. नोकरी असते, ती खातं देतं आणि खातंच घेतं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात राज्यांना तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितलं. महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीने ते कायद्यात आणलं. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी, जमीन बळकावणं अशा तक्रारी निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालचं हे प्राधिकरण ऐकतं. पण अहवाल जातो सरकारकडे, आणि तिथून पुढे पुन्हा खात्याची शिस्तभंगाची वाट. तुमच्या वडिलांच्या काळात तर एवढंही नव्हतं. म्हणून ‘स्टेट सर्टिफिकेट काढून घेतं’ हे ऐकल्यावर तुम्हाला धडकी भरली, ते मला कळतं. तुमच्या ओळखीच्या पोलीसजगात ही गोष्टच नाही.

आता फॉर्म.

वर गैरवर्तनाचे प्रकार सांगताना मी खोटेपणा पहिला घेतला, तो मुद्दाम. पोलिसाचं मुख्य काम पळणं किंवा गोळी चालवणं आहे असं आपल्याला सिनेमामुळे वाटतं. प्रत्यक्षात तो दिवसभर लिहीत असतो. कोण कुठे होतं, किती वाजले होते, कोण काय म्हणालं. आणि मग कोर्टात उभं राहून शपथेवर सांगत असतो की मी लिहिलं ते खरं आहे. १९६३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रेडी खटल्यात ठरवून दिलंय की आरोपीच्या उपयोगाचा पुरावा सरकारी वकिलाने दडवायचा नाही. पुढच्या निकालांनी त्यात साक्षीदाराच्या विश्वासार्हतेला बाधा आणणाऱ्या गोष्टीही आल्या. म्हणजे एखादा पोलीस पूर्वी खोटं बोलल्याचं सिद्ध झालं असेल, तर तेही आरोपीच्या वकिलाला सांगावं लागतं. असा पोलीस पुढे साक्षीच्या कामाचा राहत नाही. आणि ज्याला साक्षीला उभं करता येत नाही त्याला गस्तीवर पाठवून उपयोग काय?

मी काही वर्षं कोर्टात मराठी-हिंदी दुभाषी म्हणून जात असे. कोर्ट कुठलं ते राहू द्या. एकदा छोट्याशा चोरीचा खटला होता. दुकानाच्या मागच्या खोलीत आपल्याकडच्या एक आजी होत्या. त्या साक्षीदार, आणि मी त्यांच्यासाठी. आधी साक्षीला एक तरुण पोलीस आला, नोकरीत वर्ष-दीड वर्ष झालेला असेल. त्याच्या रिपोर्टमध्ये स्वच्छ लिहिलं होतं की साक्षीदार बाईंनी मला अमुक सांगितलं. आरोपीचा वकील उठला आणि एकच प्रश्न विचारला. कुठल्या भाषेत सांगितलं?

मी आजींच्या कानाशी हळूच मराठीत सांगत होते. आजींना ‘सिट’, ‘थँक्यू’ आणि ‘नो’ याच्या पलीकडे इंग्रजी येत नव्हतं. पोराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने सरकारी वकिलाकडे बघितलं. त्या वकीलबाई कागदात बघत होत्या. मग तो म्हणाला, मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या मुलाशी बोललो, त्याने सांगितलं आई असं म्हणते, आणि मी तसं लिहिलं. ते चुकीचं लिहिलं.

आजींनी मला विचारलं, “काय म्हणाला गं?” मी सांगितलं. आजी म्हणाल्या, “बरोबर आहे की. माझ्याशी कुठं बोलला तो?”

त्या दिवशी सरकारी वकिलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण तो पोरगा ‘बाईंना थोडं इंग्रजी येत होतं’ एवढंच म्हणाला असता, तर पुढच्या दहा मिनिटांत आजी उभ्या राहिल्यावर सगळ्यांसमोर उघडा पडला असता. मग ती शब्दांची चूक राहिली नसती, शपथेवरचं खोटं झालं असतं. नोकरीवर आणि आता सर्टिफिकेटवरही येतं ते यातलं दुसरं.

तुमच्या यजमानांना हाच फरक समजावून सांगायचाय. शाळेचा पत्ता ही जुनी चूक आहे. ती तुम्ही दोघांनी केली, सही तुमची होती, आणि पोरगी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होती. या फ्रीमाँट-क्युपर्टिनो पट्ट्यात चांगल्या शाळेसाठी असं करणारे तुम्हीच एकटे आहात असंही नाही. मी समर्थन करत नाही, पण चौकशी अधिकाऱ्याला ही गोष्ट काही नवी नसेल. आता बावीस वर्षांची मुलगी फॉर्मवर खोटा पत्ता लिहून खाली स्वतःची सही करेल, ती नवी चूक. ती तिची. ती शाळेच्या चुकीसारखी जुनी होऊन विरून जायची नाही.

तो फॉर्म मी पाहिलाय. नाव, नातेवाईक, शिक्षण, घरं, नोकऱ्या, पैसे, कायद्याचे प्रसंग, गाडी, असे एकेक भाग. राहण्याचे पत्ते मागच्या दहा वर्षांतले किंवा वयाच्या पंधराव्या वर्षापासूनचे मागतात, म्हणजे तुमची ती दोन वर्षं बरोबर त्यात येतात. पण त्याच फॉर्ममध्ये सुरुवातीलाच एक सूचना आहे. तिचा अर्थ असा, की लोक या चौकशीत नापास होतात त्याचं पहिल्या क्रमांकाचं कारण जाणूनबुजून लपवणं किंवा फिरवून सांगणं हे आहे. आपल्या हातून काहीतरी झालेलं असणं हे नव्हे. आयोगाने स्वतःच छापून ठेवलंय हो. यापेक्षा सरळ कोण सांगणार?

आणि ते सापडत नाही या भ्रमात राहू नका. बॅकग्राउंडवाला, म्हणजे उमेदवाराची पूर्वचौकशी करणारा, अधिकारी फक्त कागद बघत नाही. तो नातेवाइकांना, जुन्या शेजाऱ्यांना, घरमालकांना, मैत्रिणींना फोन करतो, कधी घरी येऊन बसतो. तुमच्या शेजारणीला विचारलं तर ती कौतुकानेच सांगेल, हो हो, लहानपणापासून बघते मी तिला, रोज सकाळी बाबा गाडीतून शाळेत सोडायचे, बराच लांबचा पल्ला होता. झालं. शेजारणीने तुमचं वाईट काहीच केलेलं नसेल. बऱ्याच खात्यांत पॉलिग्राफ नाहीतर आवाजाच्या चढउतारावरून ताण मोजायचं यंत्रही लावतात. त्या यंत्रावर माझा फारसा विश्वास नाही, पण त्याच्यासमोर बसलेल्या मुलीच्या पोटात जो गोळा येईल तो खराच असेल. आणि तुमच्या दिरांचं काय? त्यांनी पोलिसाला ‘हो, दोन वर्षं आमच्याकडेच होती’ असं सांगितलं, तर एका पत्त्यासाठी तुम्ही तिसऱ्या माणसाला पोलिसी चौकशीत खोटं बोलायला लावलंत. त्यांच्या खोटेपणाचा जाब पुढे तुमच्या लेकीला विचारला जाईल.

अजून एक, जे यजमानांना नक्की पटेल. मी म्हटलं ना, की बरीच वर्षं पोस्टला सर्टिफिकेट काढून घेता येत नव्हतं. त्या काळातही एक अपवाद कायद्यात होताच. चुकून दिलेलं आणि फसवून मिळवलेलं सर्टिफिकेट तेव्हाही रद्द करता यायचं. पोलिसाने रस्त्यावर काय केलं याला राज्य हात लावू शकत नव्हतं तेव्हासुद्धा, तो आत कसा शिरला याला लावू शकत होतं. सर्टिफिकेट भिंतीवर फ्रेम करून लावलं तरी मालकी आयोगाचीच राहते.

मग फॉर्मवर काय लिहायचं? खरा पत्ता, सलग, तुमच्या घराचा. शिक्षणाच्या भागात शाळेचं नाव. हे दोन्ही जुळत नाही हे तिने स्वतःहून सांगायचं. तीन ओळी पुरतात. नववी-दहावीत पालकांनी नातेवाइकांचा पत्ता देऊन मला या शाळेत घातलं, मी राहत होते आईवडिलांकडे, तेव्हा माझं वय इतकं होतं. त्यात ‘पालकांचा हेतू चांगला होता’, ‘आमच्या संस्कृतीत शिक्षणाला फार महत्त्व’ वगैरे लिहू नका. चुकीला गजरा माळायची गरज नसते. विचारलं तर ती तोंडी सांगेल. नोकरी मिळेलच अशी हमी मी देऊ शकत नाही, ती कोणीच देऊ शकणार नाही. नाही मिळाली तर दुसऱ्या खात्यात अर्ज करताना तिला हेच तीन वाक्यांचं खरं पुन्हा लिहिता येईल. खोटं लिहिलं आणि पकडली गेली, तर पुढच्या प्रत्येक फॉर्ममध्ये ‘याआधी कुठे अर्ज केला होतात, काय झालं’ या रकान्यापाशी हात थांबेल. तो रकाना असतो.

तुमच्या सिटिझनशिपची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. शाळेला दिलेला पत्ता कशा कागदावर, कसल्या सहीने दिला होता त्यावर बरंच अवलंबून आहे, आणि नागरिकत्वाच्या अर्जातही जुन्या चुकांबद्दल प्रश्न असतात. म्हणून मुलीने फॉर्म द्यायच्या आधी तुम्ही दोघांनी इमिग्रेशनच्या वकिलाकडे एक तास घ्या. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विचारू नका. वकिलाला सगळं सांगा, शाळेचे कागद असतील तर घेऊन जा. मुलीला फॉर्म द्यायला मुदत असेल, ती विचारून घ्या आणि त्याच्या आत हे उरका. पण वकिलाकडे जायचं ते तुमची बाजू समजून घ्यायला. मुलीने काय लिहावं हे बदलायला नव्हे. तुमच्या अर्जाचं ओझं तिच्या सहीवर टाकू नका.

राहता राहिली तुमची झोप. तिला थांबवू का, असं तुम्ही विचारलेलं नाहीत, पण पत्रभर तोच प्रश्न आहे. बावीस वर्षांच्या मुलीला थांबवणं आपल्या हातात नसतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण तुमच्यासारखी आई या मुलीच्या फार कामाची आहे, कारण पोलीस घरी आल्यावर कसा असतो ते तुम्ही बघितलंय. बंदूक चालवता येईल का हे तिला विचारू नका, ते अकॅडमी शिकवते. हे विचारा, की तुला शिकवणाराच चुकत असेल तर तू काय करशील? २०२० मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा दाबून त्याचा जीव घेणारा पोलीस शॉव्हिन आठवतो ना? तिथे आणखी तिघे पोलीस होते. त्यातले दोघे नोकरीत अगदी काही दिवसांचे, आणि त्यांच्यातल्या एकाचा फील्ड ट्रेनिंग ऑफिसर, म्हणजे रस्त्यावर काम शिकवणारा अधिकारी, हा शॉव्हिनच. त्या दोघांनाही तुरुंगवास झाला. साहेब वरिष्ठ होते, मी नवा होतो, हे कोर्टात चाललं नाही. कॅलिफोर्नियाच्या नव्या कायद्यात मध्ये न पडणं हा गैरवर्तनाचा वेगळा प्रकार धरलाय तो याचसाठी. नव्या पोरीने अनुभवी सार्जंटचा हात धरायचा. बोलायला सोपं आहे.

तुमचे वडील असं कधी कुणाचा हात धरू शकले का, किंवा धरू शकले नाहीत म्हणून घरी येऊन गप्प बसले का, हे तिला सांगा. माहीत नसेल तर तेही सांगा. ही माहिती तिला कुठल्याच अकॅडमीत मिळणार नाही.

एक मला आवडलं. आठ दिवस घरात अबोला चाललाय तो ‘मी खरं लिहिणार’ म्हणणाऱ्या मुलीमुळे. खात्याला जो गुण हवाय त्याची परीक्षा तुमच्या स्वयंपाकघरात आधीच सुरू झालीय, आणि परीक्षक तिचे बाबा आहेत. ते नापास करायला निघालेत हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही, एवढंच.

तेव्हा आज रात्री जेवणं झाली की दिरांना फोन करायचा. म्हणावं, दादा, पोलीस खात्यातून तुम्हाला कधी फोन आला आणि मुलीबद्दल विचारलं, तर जे होतं तेच सांगा. ती तुमच्याकडे राहायला नव्हती, पत्ता आम्ही वापरला. फोन यजमानांनीच लावावा, कारण दादाला फोन करतो असं तेच म्हणाले होते. आणि स्पीकरवर ठेवायला सांगा, म्हणजे तुमच्या लेकीलाही ऐकू येईल.